डायलिसिसची वेळ येण्याआधी

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ल्युपसच्या रुग्णांसाठी मोनोक्लोनल अँटिबॉडी उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत निदानाच्या नावानिशी घेणे आणि ते कोल्हापुरात उपलब्ध करणे याबाबत.

महोदय,

मी कोल्हापुरात राजारामपुरीत औषधांचं दुकान चालवते. फार्मासिस्ट आहे, आणि ल्युपस झालेल्या एका मुलीची मावशीही आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगून टाकते. ल्युपसमुळे ज्यांच्या किडनीला सूज आली आहे आणि नेहमीच्या औषधांनी जी आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांना रिटुक्सिमॅब आणि बेलिमुमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं योजनेतून मिळावीत. ती डे-केअरमध्ये, म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येईल अशी मिळावीत. आणि त्यासाठी चंदगड-आजऱ्याच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या खेपा घालाव्या लागू नयेत.

हृदयविकार, कॅन्सर, मधुमेह ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. ल्युपसचं नाव बहुतेक घरांत पहिल्यांदा येतं ते रिपोर्ट हातात पडल्यावर. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिदमॅटोसस, डॉक्टर एसएलई म्हणतात. जंतूंशी लढायला असलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. सांधे, त्वचा, रक्तपेशी, फुप्फुसाचं आवरण, मेंदू, किडनी, कुठलाही अवयव सापडू शकतो. दहातले नऊ रुग्ण म्हणजे बायका असतात, आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीसच्या दरम्यान गाठतो. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण, सगळं याच वयात असतं. जवळपास निम्म्या रुग्णांत कधी ना कधी किडनीला झळ पोचते. हा संसर्गजन्य आजार नाही, कुणाच्या चुकीनं होणारा नाही, आणि आजच्या घडीला कायमचा बरा होणाराही नाही. तो आटोक्यात ठेवता येतो. मात्र त्यासाठी औषध वेळेवर आणि पूर्ण मिळावं लागतं.

ऊन हा ल्युपसचा उघड शत्रू. उन्हातल्या अतिनील किरणांनी आजार उसळतो, म्हणून डॉक्टर पहिली सूचना देतात ती उन्हात न जाण्याची. आमच्या जिल्ह्यात ही सूचना कुणाला दिली जाते ते पाहा. राधानगरी-गगनबावड्याकडची बाई भातलावणीला जाते, शिरोळ-करवीरची उसाच्या भांगलणीला. रोजगार बुडाला तर चूल अडते. ती मान हलवते, चिठ्ठी घेते आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला पदर घट्ट गुंडाळून शेतात जाते. तिला दोष देण्यात काही अर्थ नाही.

माझी भाची गडहिंग्लज भागातली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिची बोटं सकाळी आखडायला लागली. केस गळत होते, तोंड सारखं येत होतं, अंगात कसकस असायची. कुणी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, कुणी संधिवात म्हणून दुखणं मारायची इंजेक्शनं. मग लघवीला फेस यायला लागला. माझ्या बहिणीला वाटलं, बाथरूम धुतलेल्या पावडरीचा असेल. पावलं सुजून चप्पल बसेनाशी झाली तेव्हा कुठे लघवी तपासली गेली, आणि रिपोर्टवर प्रथिनांपुढे तीन अधिकची चिन्हं होती. एएनए, डीएस-डीएनए, सी-३, सी-४ या ल्युपस ओळखायच्या रक्ततपासण्या झाल्या, किडनीची बायोप्सी झाली. निदान निघालं क्लास फोर ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे किडनीच्या गाळण्यांपैकी निम्म्याहून अधिक गाळण्यांना सूज.

स्टेरॉइड मोठ्या मात्रेत सुरू झालं. त्यानं जीव सावरला, ते नाकारणार नाही. पण काही आठवड्यांत तिचा चेहरा गोल झाला, गाल फुगले. घरातल्या एका लग्नात बायका तिला कौतुकानं म्हणाल्या, "बरी भरलीस की गं!" ती काही न बोलता आतल्या खोलीत जाऊन बसली आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही. चेहऱ्याचं सोडा, दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ऐन तिशीत सांधा बदलायची पाळी येऊ शकते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे युलारनं, २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की स्टेरॉइड लागलंच तर रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणावं, आणि जमेल तेव्हा बंद करावं. स्टेरॉइड खाली आणायचं तर त्याची जागा दुसऱ्या कशानं तरी घ्यायला हवी. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे.

दुकानात ल्युपसची रुग्ण मी चिठ्ठीवरून ओळखते. आजार शांत ठेवणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन म्हणजे तेच स्टेरॉइड, प्रतिकारशक्तीला आवरणारं मायकोफेनोलेट, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बहुधा एक बीपीची गोळी. बिलाचा आकडा सांगितला की पर्समधल्या नोटा दोनदा मोजल्या जातात, आणि मग मायकोफेनोलेटवर बोट येतं. "ताई, हिची अर्धीच पट्टी द्या की. राहिलेली पगार झाला की न्हेतो." प्रेडनिसोलोनची पट्टी कधीच अर्धी मागत नाहीत, कारण ती स्वस्त आहे. म्हणजे जे औषध कमी करायचं ते पूर्ण पोटात जातं आणि ज्याच्या जोरावर ते कमी करायचं ते अर्धं. अशा वेळी मी कात्रीनं पट्टी कापून देते, आणि पुढच्या चिठ्ठीवर स्टेरॉइडची मात्रा वाढलेली दिसली की मला नवल वाटत नाही.

२०२० सालचा मार्च तर विसरता येत नाही. कोरोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतं अशी हवा झाली आणि धडधाकट माणसं डब्या भरून ठेवण्यासाठी दुकानात आली. त्याच महिन्याच्या शेवटी केंद्र सरकारनं ते औषध शेड्युल एच-वनमध्ये टाकलं, विक्रीवर नोंदीचं बंधन आलं. बंधन योग्यच होतं, पण तोवर स्टॉकिस्टकडचा माल संपला होता. वर्षानुवर्षं रोज ही गोळी घेणाऱ्या बायका एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडत होत्या. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ती लागते, गरोदरपणातही ती चालू ठेवायची असते. धोरण ठरवणाऱ्यांच्या नजरेत हे रुग्ण नाहीतच, असं मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख जाणवलं.

आता अँटिबॉडीच्या इंजेक्शनांविषयी. अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला ल्युपससाठी मान्यता मिळाली १९५५ मध्ये. त्यानंतर ल्युपससाठी नवं औषध मान्य व्हायला २०११ साल उजाडलं. अर्ध्या शतकाहून जास्त काळ या बायकांसाठी म्हणून काही आलंच नाही. जे आलं ते बेलिमुमॅब, एक मोनोक्लोनल अँटिबॉडी. अँटिबॉडी म्हणजे जंतूंना चिकटून त्यांच्याशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला नेमकी चिकटणारी, एकसारखी अँटिबॉडी प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. १९८४ च्या नोबेल पुरस्कारात त्या दोघांचा वाटा होता. आज कॅन्सरपासून सोरायसिसपर्यंत जी महागडी इंजेक्शनं दिली जातात, त्यांतली कितीतरी त्या रीतीच्या पोटातून आलेली आहेत.

ल्युपसमध्ये बिघाडाचं एक मोठं मूळ म्हणजे रक्तातल्या बी पेशी. अँटिबॉडी बनवणं हे त्यांच्या वंशाचं काम. ल्युपसमध्ये त्या स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडी तयार करतात, त्या अँटिबॉडींचे पुंजके किडनीच्या गाळणीत अडकतात, सूज येते आणि शरीराला हवी असलेली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. या बी पेशींना जगत राहायला एक प्रथिन लागतं, त्याचं नाव ब्लिस. बेलिमुमॅब ते प्रथिन पकडून ठेवतं, त्यामुळे बिघडलेल्या बी पेशी तग धरत नाहीत. रिटुक्सिमॅब थेट बी पेशींच्या अंगावरच्या सीडी-२० या खुणेला चिकटून त्या पेशीच नष्ट करतं. २०२१ मध्ये मान्य झालेलं अनिफ्रोलुमॅब हे सूज भडकवणाऱ्या इंटरफेरॉन या प्रथिनाचा निरोप पेशीपर्यंत पोचूच देत नाही. त्वचेच्या आणि सांध्यांच्या त्रासात त्याचा विशेष उपयोग होतो. स्टेरॉइड सगळ्या प्रतिकारशक्तीवर सरसकट पाणी ओततं, ही औषधं एकेका ठरावीक जागी काम करतात.

गुण किती येतो? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ल्युपस नेफ्रायटिसच्या ४४८ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर बेलिमुमॅब किंवा नुसतं सलाइन दिलं. दोन वर्षांनी किडनीत ठरवलेली सुधारणा बेलिमुमॅबच्या गटात ४३ टक्के रुग्णांत दिसली, दुसऱ्या गटात ३२ टक्के. शंभरात अकरा जणी जास्त. हा चमत्कार नाही, आणि मी तसं भासवणारही नाही. पण त्याच चाचणीत किडनी आणखी बिघडणं किंवा मृत्यू येणं यांचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता, आणि माझ्या लेखी तो आकडा जास्त मोलाचा आहे. किडनीचं जे गेलं ते परत येत नाही, म्हणून जाण्याचा वेग कमी होणं हीच मोठी गोष्ट. ओबिनुटुझुमॅब या रिटुक्सिमॅबच्या पुढच्या पिढीतल्या औषधाच्या चाचणीतही किडनीची पूर्ण सुधारणा ४६ टक्क्यांवर गेली, ते नसलेल्या गटात ३३ टक्के होती.

रिटुक्सिमॅबची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या समितीतले डॉक्टर माझ्यासमोर ठेवतीलच, म्हणून मीच मांडते. एक्सप्लोरर आणि ल्युनार या त्याच्या दोन्ही मोठ्या चाचण्या ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. तरीही जगभर, आणि आपल्याकडे सर्वाधिक, दुसरी औषधं थकल्यावर ल्युपसमध्ये हेच वापरलं जातं, आणि युलारच्या सूचनांतही दाद न देणाऱ्या आजारासाठी त्याला जागा आहे. भारतात त्याला आणखी एक कारण आहे. रिटुक्सिमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या तोडीस तोड तयार केलेलं स्वस्त रूप, २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं आणलं. त्यानंतर इतर भारतीय कंपन्या आल्या. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. बेलिमुमॅबचं तसं नाही. त्याचं वर्षाचं बिल लाखांच्या घरात जातं. दहा मिलिग्रॅम दर किलोला हा त्याचा डोस. पन्नास किलोच्या बाईला एका वेळी ५०० मिलिग्रॅम, पहिले तीन डोस दोन-दोन आठवड्यांनी आणि मग दर चार आठवड्यांनी, असे पहिल्या वर्षात चौदा. ही रक्कम आमच्याकडच्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातून निघत नाही. सोनं गहाण पडतं, मग म्हैस विकली जाते, मग उपचार मध्येच थांबतो.

भाचीला मायकोफेनोलेटनं पुरेसा गुण आला नाही तेव्हा डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सुचवलं. रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र मुलगा फार सौजन्यानं बोलला. त्यानं संगणकावर यादी खाली-वर केली, दोनदा तपासली आणि म्हणाला, "मॅडम, हे इंजेक्शन कॅन्सरच्या कोडखाली दिसतंय. ह्या निदानाला बसत नाही." त्याचा काहीच दोष नव्हता. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत लिम्फोमा या कॅन्सरच्या केमोथेरपीबरोबर रिटुक्सिमॅब आहे, आणि ते असायलाच हवं. पण तीच वायल, तीच सलाइन, तोच वॉर्ड, तीच सिस्टर, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं निदान वेगळं म्हणून तिचं बिल तिच्या बापाच्या खिशातून. आम्ही पैसे जमवले. बहिणीच्या पाटल्या गेल्या, माझी थोडी शिल्लक होती ती घातली. आमचं जमलं. त्याच वॉर्डात शाहूवाडीकडचं एक कुटुंब होतं, त्यांचं जमलं नाही. त्या मुलीला डिस्चार्ज देताना पुन्हा स्टेरॉइडच वाढवून दिलं.

महोदय, आपल्या योजनेत डायलिसिस आहे. किडनी निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, आयुष्यभर किंवा दुसरी किडनी मिळेपर्यंत, सरकार तो खर्च उचलतं. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून आहे. मला या दोन्हींचा अभिमान वाटतो, त्यांच्यामुळे जगलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण बावीस वर्षांच्या मुलीच्या किडनीसाठी सरकार ती किडनी मेल्यावर पैसे मोजायला तयार आहे आणि जिवंत असताना नाही, हे माणुसकीलाही धरून नाही आणि हिशेबालाही. डायलिसिसवर गेलेली मुलगी नोकरी धरू शकत नाही, तिच्याबरोबर घरातलं आणखी एक माणूस कामातून जातं. हा खर्च आपल्या खातेवहीत दिसत नाही, आमच्या घरांत दिसतो.

खर्चाचा बोजा किती पडेल, हा प्रश्न रास्त आहे. दिल्लीजवळ झालेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ल्युपसचं प्रमाण लाखाला सुमारे तीन रुग्ण असं आढळलं होतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर होती. त्या हिशेबानं जिल्ह्यात सव्वाशेच्या आसपास रुग्ण निघतात. तो आकडा जुना आहे आणि माझ्या मते कमी आहे, कारण तेव्हा तपासण्या सहज होत नसत. दुप्पट धरा, चौपट धरा. त्यांतल्या निम्म्यांना किडनीचा त्रास, आणि त्यांतही नेहमीच्या औषधांना दाद न देणारे थोडेच. अँटिबॉडीची इंजेक्शनं लागणारे रुग्ण जिल्ह्याला काही डझनांतच राहतील. योजनेचं विमा संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. रिटुक्सिमॅबचा उपचार त्यात आरामात बसतो. बेलिमुमॅबसाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणानं राज्याची एकत्र खरेदी केली आणि कंपनीशी भाव ठरवला तर तेही अशक्य नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणती औषधं द्यायची ते ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं आधी बेलिमुमॅबला नकार दिला होता. २०१६ मध्ये सवलतीचा भाव ठरवून, ठरावीक रुग्णांसाठी ते मान्य केलं. अट घातली की २४ आठवड्यांनी आजाराची तीव्रता मोजणारा गुणांक किमान चार अंकांनी उतरला असेल तरच पुढे चालू ठेवायचं. २०२१ मध्ये ती मान्यता कायम झाली. हीच अट आपणही घाला. ज्याला गुण येत नाही त्याचं थांबवा आणि तो पैसा दुसऱ्या रुग्णाकडे वळवा.

उधळपट्टी होऊ नये याची काळजी मलाही आहे. ही इंजेक्शनं प्रत्येक ल्युपसच्या रुग्णानं घ्यायची नाहीत. कित्येकींचा आजार हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि थोड्या औषधांवर वर्षानुवर्षं शांत राहतो. ही इंजेक्शनं निर्धोकही नाहीत. रिटुक्सिमॅब देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी अनिवार्य आहे, नाही तर दडलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. अनिफ्रोलुमॅबनं नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं. जंतुसंसर्गाचा धोका सगळ्यांतच असतो, आणि आपल्या देशात टीबीकडे डोळा ठेवूनच चालावं लागतं. म्हणून मंजुरी एकट्या डॉक्टरच्या सहीवर नको. किडनीतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ अशा दोघांची शिफारस, बायोप्सीचा रिपोर्ट, आधी दिलेल्या औषधांची नोंद, हे सगळं मागा. वायलवरचं लेबल आणि बॅच नंबर केस पेपरला चिकटवायला लावा. मी स्वतः औषधविक्रीत आहे, म्हणून आग्रहानं सांगते, हिशेब कडक ठेवा. कडक हिशेबानं गरजू रुग्णाचं नुकसान होत नाही.

आता कोल्हापूरविषयी. आमच्याकडे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, ज्याला आम्ही सगळे सीपीआर म्हणतो. कोल्हापूरच नाही, सिंधुदुर्गातून आणि सीमाभागातूनही माणसं तिथे येतात. तिथे आठवड्यातून एक दिवस ल्युपस आणि तशाच आजारांसाठी ठरावीक ओपीडी, आणि चार खाटांचा डे-केअर कोपरा, एवढं मी मागते आहे. बेलिमुमॅब एका तासात चढतं. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या खेपेला पाच-सहा तास लागतात, कारण सुरुवातीला ताप-थंडी, पुरळ येऊ शकतं आणि सलाइनचा वेग हळूहळू वाढवावा लागतो. शिकलेली सिस्टर, ऑक्सिजन, ॲलर्जीची इंजेक्शनं आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, एवढ्यात हे काम होतं. सुरुवातीला मुंबईच्या केईएमसारख्या ठिकाणच्या संधिवाततज्ज्ञांनी व्हिडिओवरून सल्ला दिला तरी चालेल.

पुण्याला जाऊन घ्या, असं आम्हाला सहज सांगितलं जातं. एका डोससाठी दोन माणसांचा प्रवास, राहणं, दोन दिवसांचा बुडालेला रोजगार. त्यात पावसाळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुरानं महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर दिवसच्या दिवस तुटलं. इंजेक्शनची तारीख पुराला कळत नाही. पुण्याहून औषध मागवून इथे टोचून घ्यायचं तर दुसरी काळजी. ही सगळी इंजेक्शनं दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागतात, गोठू द्यायची नाहीत, हलवून फेस आणायचा नाही. भाचीच्या वेळी थर्माकोलचा डबा एसटी स्टँडजवळ उतरवून घेतला, उघडून पाहिलं तर जेल पॅक वितळून पाणी झालेला आणि वायल कोमट. तो डोस मी वापरू दिला नाही. औषध दिसायला स्वच्छच होतं, पण प्रथिनाचं औषध बिघडलं तरी नजरेला दिसत नाही. पैसे कुणीही परत केले नाहीत. ज्या जिल्ह्यात गोकुळचं दूध गावोगावच्या संकलन केंद्रांपासून मुंबईपर्यंत रोज थंड पोचतं, त्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बॅटरी बॅकअप असलेला एक औषधांचा फ्रिज आणि त्याची तापमानाची वही ठेवणं कुणाला जड जाऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष अधिकाऱ्यांसमोर आमच्याकडच्या बायका बोलत नाहीत. क्लास फोर नेफ्रायटिसमध्ये सायक्लोफॉस्फामाइड हा स्वस्त आणि जुना पर्याय आहे. त्यानं किडन्या वाचतात, पण मात्रा जास्त झाली तर अंडाशयाचं काम कायमचं थांबू शकतं. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो. लग्नाआधीच्या मुलींना हे कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि सांगितलं तरी पर्याय समोर ठेवत नाही, कारण पर्याय परवडणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत असतं. आई होणं किंवा न होणं हे त्या मुलीनं ठरवावं. खिशातल्या पैशांनी ते परस्पर ठरवून टाकू नये.

माझी भाची आज बरी आहे. लघवीतलं प्रथिन उतरलं आहे, स्टेरॉइड पाच मिलिग्रॅमवर आलं आहे, ती बी.एड. करते आहे. तिच्यासाठी मला आता काही नको. शाहूवाडीच्या त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि हे पत्र मी तिच्यासाठी लिहिते आहे.

यादीत बदल करायला समिती, बैठका, वित्त विभाग, सगळं लागतं याची मला कल्पना आहे. ते होईपर्यंत एक काम जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला सांगून लगेच सुरू करता येईल. गरोदर बायकांची लघवी तपासायची पट्टी उपकेंद्रात असतेच. ज्या तरुण मुलीला महिनाभराहून जास्त सांधेदुखी, गालांवर चट्टे, केसगळती किंवा अंगावर सूज आहे, तिचीही लघवी त्याच पट्टीनं तपासा, असं आशाताईंना आणि एएनएमना लेखी कळवा. पट्टीचा रंग हिरवा झाला तर तिला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावं आणि तिथून सीपीआरला. याला नवा पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं. ते या पावसाळ्याआधी निघावं, अशी विनंती आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट,
राजारामपुरी, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी :
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूर
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर